८.७ की ९.७? सिल्वी फ्रेशेटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंक्रोनाइज्ड स्विमिंगचा, म्हणजे संगीतावर पाण्यात करायच्या कसरतींचा विषय निघाला की १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमधल्या चुकीच्या बटणाची गोष्ट हमखास निघते: परीक्षकांचं बोट ९.७ ऐवजी ८.७ वर पडलं आणि सिल्वी फ्रेशेटचं सुवर्ण हुकलं. ती सहसा अर्धवटच सांगितली जाते. कुणी म्हणतं पदक हिसकावलं, कुणी म्हणतं कटकारस्थान होतं. जिच्याबाबतीत हे घडलं ती पोहायची कशी, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. माझ्याकडे पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र देते आहे.

सिल्वी फ्रेशेट कोण?

कॅनडाची जलतरणपटू. जन्म २७ जून १९६७, मॉन्ट्रियल. फ्रेंच बोलणाऱ्या क्युबेक प्रांतातली. ती तीन वर्षांची असताना वडील गेले. मॉन्ट्रियलच्या 'कामो' क्लबमध्ये ज्युली सोव्हे या प्रशिक्षिकेच्या हाताखाली ती घडली. राष्ट्रकुल स्पर्धेत दोनदा सुवर्ण, जागतिक अजिंक्यपद, १९९२ च्या ऑलिम्पिकचं सोलो (एकटीने करायचा प्रकार) सुवर्ण आणि १९९६ चं सांघिक रौप्य, एवढं तिच्या खात्यावर आहे.

एकटीच पोहते, तर 'सिंक्रोनाइज्ड' कुणाशी?

हा प्रश्न थट्टेने विचारला जातो, पण तो रास्त आहे. उत्तर एका शब्दात: संगीताशी. तबल्याच्या ठेक्यावर नर्तकीचं पाऊल पडतं तसं इथे पाण्याबाहेर आलेल्या पायाचं टोक समेवर यावं लागतं. तलावात पाण्याखाली स्पीकर बसवलेले असतात, त्यामुळे डोकं बुडालेलं असतानाही पोहणारीला संगीत ऐकू येतं. सोलोमध्ये शेजारी कुणी नसतं, म्हणून चूक झाकायलाही कुणी नसतं. आठ जणींच्या संघात एखादीचा गुडघा किंचित वाकला तर तो नजरेतून सुटू शकतो. सोलोमध्ये सगळ्यांचे डोळे एकाच गुडघ्यावर.

२०१७ मध्ये या खेळाचं अधिकृत नाव 'आर्टिस्टिक स्विमिंग' झालं. आपल्याकडे वर्तमानपत्रांत 'कलात्मक जलतरण' असं लिहितात. खेळाडू आणि प्रशिक्षक अजूनही सर्रास 'सिंक्रो' म्हणतात.

हे खरंच इतकं अवघड असतं का? दिसायला तर नाचासारखं दिसतं.

सोपं दिसावं म्हणूनच सगळी मेहनत असते. तलावाच्या तळाला पाय टेकवायची परवानगी नसते, टेकवला तर गुण जातात. म्हणजे पाण्याबाहेर छातीपर्यंत वर येऊन हसत हात हलवणारी मुलगी खाली कशाच्याही आधाराशिवाय असते. तिला वर धरतात ते तिचे पाय. दोन्ही गुडघे बाहेर, आणि पोटऱ्या आळीपाळीने उलटसुलट गोल फिरत राहतात, ताक घुसळायच्या दोन रव्या शेजारीशेजारी फिराव्यात तशा. या किकला 'एगबीटर' म्हणतात आणि वॉटरपोलो खेळणारेही हीच वापरतात.

उलटं व्हायचं, म्हणजे डोकं खाली आणि पाय आकाशाकडे, तेव्हा हेच काम हातांवर येतं. कोपर शरीराजवळ, तळवे पालथे-उताणे होत पाणी सतत दाबत राहतात. याला 'स्कलिंग' म्हणतात. मी स्वतः शिकवणीच्या तलावात हे करून पाहिलं आहे. पाय वर नेल्याबरोबर मांड्यांपर्यंतचा सगळा भार एकदम हातांवर आला, तीन-चार सेकंदांत मनगटं भरून आली आणि मी बुडाले. नाकाला चिमटा लावला होता म्हणून बरं, नाहीतर उलटं झाल्यावर पाणी थेट कपाळात चढतं. सोलो कसरत करणारी मुलगी हेच काही मिनिटं करते, वर श्वास रोखून, आणि चेहरा पाण्याबाहेर आला की दम लागल्याचं दिसूही द्यायचं नसतं.

केसांचा तो काचेसारखा चकाकणारा अंबाडा तुम्ही पाहिला असेल. ती कसली जेल नसते. बिनचवीचं साधं जिलेटिन गरम पाण्यात कालवतात आणि ब्रशने केसांवर थरावर थर चढवतात. तलावाच्या पाण्यात ते विरघळत नाही. स्पर्धा संपल्यावर गरम पाण्याखाली बराच वेळ उभं राहून ते सोडवावं लागतं.

बार्सिलोनाच्या आधी तिला कुणी ओळखत होतं का?

चांगलंच ओळखत होतं. राष्ट्रकुल स्पर्धेत हा खेळ पहिल्यांदा आला तो १९८६ मध्ये, एडिनबर्गला, आणि सोलोचं ते पहिलं सुवर्ण सिल्वीने जिंकलं. १९९० मध्ये ऑकलंडला पुन्हा तिनेच.

ऑलिम्पिकची वाट मात्र लांबली. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकला कॅनडाकडे कॅरोलिन वाल्डो होती आणि तिने सोलो व ड्युएट (दोघींचा प्रकार) दोन्ही सुवर्णं नेली. एका देशाची सोलोमध्ये एकच खेळाडू उतरते. घरातच जगज्जेती असली तर दुसरीला थांबण्यावाचून गत्यंतर नसतं. सिल्वी थांबली. १९९१ मध्ये पर्थच्या जागतिक स्पर्धेत तिने सोलोचं सुवर्ण जिंकलं आणि परीक्षकांकडून सात वेळा पूर्ण १० गुण मिळवले. माझ्या मते तिच्या कारकिर्दीचं शिखर पर्थ आहे. बार्सिलोनाला ती आली ती सोलोची विद्यमान जगज्जेती म्हणून, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, पहिल्याच ऑलिम्पिकसाठी.

स्पर्धेच्या आधी तिच्या घरी काय घडलं होतं?

बार्सिलोनाला निघायच्या सुमारास, जुलै १९९२ मध्ये, तिच्या होणाऱ्या नवऱ्याने आत्महत्या केली. तीही त्यांच्या राहत्या घरी, आणि सिल्वीच्याच नजरेला ते पडलं. यावर त्या वेळी फार छापून आलं. मी एवढंच लिहीन की त्यानंतर ती सरावाला गेली, विमानात बसली आणि स्पर्धेत उतरली. असं का केलं, कसं केलं, हे तिचं तिलाच ठाऊक. बाहेरच्याने त्यावर तर्क लढवू नयेत.

'फिगर्स' म्हणजे काय? त्या स्पर्धेत त्यांचं इतकं महत्त्व का होतं?

त्या काळी सोलोचा निकाल दोन भागांवर लागायचा. एक संगीतावरची मुक्त कसरत, जी टीव्हीवर दिसते. दुसरा भाग फिगर्स, जो प्रेक्षक सहसा पाहायचेच नाहीत. काळा पोहण्याचा पोशाख, पांढरी टोपी, संगीत नाही, चेहऱ्यावर रंग नाही. खेळाडू परीक्षकांसमोर येते, ठरलेली आकृती शांतपणे करते, गुण घेते आणि बाहेर पडते. शास्त्रीय गाण्याच्या परीक्षेत आधी नुसते अलंकार म्हणवून घेतात, तसंच हे. कोन, उंची, संथपणा आणि स्थिरता, एवढंच मोजायचं.

दोन्ही भागांचं वजन जवळजवळ सारखं होतं. फिगर्समध्ये मागे पडलेलीला मुक्त कसरतीत ते भरून काढणं फार जड जायचं, कारण तिथे अव्वल खेळाडूंचे गुण एकमेकींना चिकटलेले असत.

मग ८.७ चं नेमकं काय झालं?

फिगर्स चालू होत्या. सिल्वीने 'अल्बाट्रॉस स्पिन अप १८०' नावाची आकृती केली. यात शरीर पाण्यात उलटं असतं आणि अर्धी गिरकी घेत पाय वर उसळतात. ती छान झाली. परीक्षकांपुढे गुण भरायची बटणं होती आणि ब्राझीलच्या परीक्षकांना द्यायचे होते ९.७. बोट पडलं ते ८.७ वर.

चूक त्यांच्या तिथल्या तिथे लक्षात आली. त्यांनी आकडा बदलायचा प्रयत्न केला, जमला नाही. मग शेजारच्या साहाय्यक पंचांना सांगू लागल्या. त्या जपानच्या होत्या, दोघींची भाषा वेगळी, त्यामुळे सांगणं धड पोहोचलं नाही. तेवढ्यात आकडा फलकावर झळकला. नियम असा की गुण एकदा जाहीर झाले की बदलायचे नाहीत. मुख्य पंच अमेरिकेच्या जुडिथ मॅकगोवन यांनी तो नियम लावला. कॅनडाने तक्रार केली, ती फेटाळली गेली.

इथे लक्षात घ्यायची गोष्ट अशी की ज्यांनी गुण दिले त्या स्वतःच सांगत होत्या की हे माझे गुण नाहीत. परीक्षकाच्या मतावर कुणी आक्षेप घेतला असता तर गोष्ट वेगळी होती, मताला आव्हान देता येत नाही आणि देऊही नये. पण इथे मत एक आणि आकडा दुसराच. तरीही आकडा जिंकला.

किती फरकाने सुवर्ण हुकलं?

फिगर्सनंतर अमेरिकेच्या क्रिस्टन बॅब-स्प्रॅगचे ९२.८०८ आणि सिल्वीचे ९२.५५७ गुण होते. फरक ०.२५१. मुक्त कसरतीत सिल्वीला ९९.१६०, क्रिस्टनला ९९.०४०. म्हणजे दुसरा भाग सिल्वीने जिंकला, पण अंतर पुरतं मिटलं नाही. बेरीज १९१.८४८ विरुद्ध १९१.७१७. सुवर्ण ०.१३१ ने गेलं. तिसरी आली जपानची फुमिको ओकुनो, १८७.०५६ गुणांवर. ओकुनोचं अंतर पाहिलं की लक्षात येतं, खरी लढत दोघींचीच होती.

हे आकडे मी मुद्दाम पूर्ण दिले आहेत. चुकीच्या बटणाची गोष्ट सगळे सांगतात, पण ९९.१६० कुणी सांगत नाही. होणारा नवरा जाऊन महिनाही झाला नव्हता, डोळ्यांसमोर फलकावर चुकीचा आकडा होता, तक्रार फेटाळली गेली होती, आणि त्या अवस्थेत ती पाण्यात उतरून त्या दिवशीची सर्वोत्तम मुक्त कसरत करून आली.

त्या परीक्षकांना दोष द्यायचा का?

मी देत नाही. त्यांचं नावही मी इथे लिहिलेलं नाही. बोट चुकणं माणसाच्या हातून होतंच आणि त्यांनी चूक लपवली नाही, उलट लगेच कबूल केली. दोष द्यायचाच तर त्या व्यवस्थेला द्यावा, जिच्यात गुण भरता येत होते पण चुकले तर खोडता येत नव्हते.

मुख्य पंच अमेरिकन आणि जिंकलेली खेळाडूही अमेरिकन. मग यात पक्षपात होता का?

कॅनडात तेव्हा हा राग फार होता, आणि तो समजण्यासारखा आहे. पण नियम जसा लिहिला होता तसाच लावला गेला. मला तो निर्णय चुकीचा वाटतो, कारण चूक मान्य झालेली असताना नियमाचं बोट धरून बसण्यात न्याय नाही. मात्र 'चुकीचा' आणि 'लबाडीचा' हे दोन वेगळे शब्द आहेत.

क्रिस्टनवर तर कुणीच राग धरू नये. तिने आपलं पोहणं चोख केलं. योगायोग असा की तिचा नवरा एड स्प्रॅग तेव्हा कॅनडाच्याच टोरंटो संघाकडून बेसबॉल खेळत होता.

सिल्वीला सुवर्ण मिळालं ते कसं? क्रिस्टनचं काढून घेतलं का?

नाही, काढून घेतलं नाही. ऑलिम्पिक समितीतले कॅनडाचे सदस्य डिक पाउंड यांनी हे प्रकरण लावून धरलं. ते मॉन्ट्रियलचे, आणि १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये स्वतः पोहलेले. अखेर १९९३ मध्ये जलतरणाची जागतिक संघटना 'फिना' हिने मान्य केलं की चूक झाली होती. सिल्वीला सुवर्ण द्यायचं आणि क्रिस्टनचंही कायम ठेवायचं असं ठरलं. त्यामुळे १९९२ च्या सोलोच्या यादीत आज दोन सुवर्णं आणि एक कांस्य दिसतं, रौप्य कुणाकडेच नाही. पाहणाऱ्याला ती छपाईची चूक वाटते, पण ती नोंद बरोबर आहे.

पदक तिच्या गळ्यात पडलं ते डिसेंबर १९९३ मध्ये, मॉन्ट्रियल फोरममध्ये. ही आइस हॉकीची जागा, शहराचं जणू दैवत असलेल्या संघाचं तेव्हाचं घर. बार्सिलोनानंतर सुमारे सोळा महिन्यांनी, पाण्यापासून दूर, पण आपल्या माणसांच्या गर्दीत. उशिरा मिळालेल्या न्यायात उणीव राहतेच. ऑलिम्पिकच्या तलावाकाठी, केस ओले असताना, त्याच दिवशी राष्ट्रगीत ऐकण्याचा क्षण तिला कुणीही परत देऊ शकलं नाही. तरी मला वाटतं, अधिकृत संस्थेने जाहीरपणे चूक कबूल करणं हीसुद्धा लहान गोष्ट नव्हे.

पुढे ती पोहली का?

हो. बार्सिलोनानंतर निवृत्त झाली होती, पण १९९६ च्या अटलांटासाठी परतली. तिथे सोलो नव्हतंच, फक्त सांघिक प्रकार होता. एकटीने जग जिंकलेली खेळाडू एकोणतिसाव्या वर्षी संघातली एक होऊन, रांगेत बसून, इतरांच्या हाताला हात जुळवत सराव करायला तयार झाली. सोलोची सवय असलेलीला हे सोपं नसतं, कारण संघात उंच उठून दिसणं हाच दोष ठरतो. अमेरिकेने ९९.७२० गुणांनी सुवर्ण नेलं, कॅनडाला ९८.३६७ गुणांवर रौप्य मिळालं, जपान तिसरा आला.

खेळ सोडल्यावर तिने काय केलं?

लास वेगासला गेली. क्युबेकमधूनच निघालेल्या 'सर्क दु सोलेय' या सर्कस कंपनीने १९९८ मध्ये तिथे पाण्यावरचा मोठा प्रयोग सुरू केला. त्याचं नाव 'ओ', फ्रेंचमध्ये पाण्याला असलेल्या शब्दाचाच उच्चार. रंगमंचाच्या जागी १५ लाख गॅलन पाण्याचा तलाव. सिल्वीने त्यात काम केलं आणि पाण्यातल्या हालचाली बसवण्यातही तिचा हात होता. ऑलिम्पिक संपल्यावर सिंक्रोच्या मुलींनी करायचं काय, या प्रश्नाला अशा प्रयोगांमुळे एक पगारी उत्तर मिळालं. आज या खेळातल्या कित्येक जणी तिथे वर्षानुवर्षं काम करतात.

पुढे ती क्युबेकला परतली, मुलींना शिकवू लागली. २०१९ मध्ये कॅनडाच्या संसदेची निवडणूक कन्झर्व्हेटिव्ह पक्षाकडून लढवली, निवडून आली नाही.

मानसन्मान कोणते मिळाले?

२००३ मध्ये आंतरराष्ट्रीय जलतरण 'हॉल ऑफ फेम'मध्ये तिची निवड झाली. जलतरणाच्या खेळाडूसाठी त्याहून मोठी जागा नाही.

पण लोक तिला त्या चुकीमुळेच ओळखतात ना?

बहुतेक, आणि याच गोष्टीचं मला वाईट वाटतं. हा खेळ पहिल्या पानावर येतो तो काहीतरी बिघडल्यावरच. अलीकडचं उदाहरण अमेरिकेच्या अनिता अल्वारेझचं. जून २०२२, बुडापेस्टची जागतिक स्पर्धा. सोलोची कसरत संपता संपता तिची शुद्ध हरपली आणि ती तळाला जाऊ लागली. प्रशिक्षिका आंद्रेया फुएन्तेस कपड्यांसकट पाण्यात झेपावली आणि तिला वर घेऊन आली. पाण्याखाली टिपलेले ते फोटो जगभर फिरले. आंद्रेया स्वतः स्पेनची, चार ऑलिम्पिक पदकं मिळवलेली, हे त्या बातम्यांत एका ओळीत आटोपलं. आणि त्याच अनिताने २०२४ मध्ये पॅरिसला अमेरिकेच्या संघासोबत रौप्य जिंकलं, हे किती जणांपर्यंत पोहोचलं?

आजच्या स्पर्धेत अशी चूक होऊ शकेल?

अगदी तशी होणं कठीण. मोठ्यांच्या ऑलिम्पिकमधून फिगर्स गेल्या, त्यांच्या जागी संगीतावरची तांत्रिक कसरत आली. लहान वयोगटांत मात्र फिगर्स अजून आहेत, आणि असाव्यातही, कारण पाया तिथेच पक्का होतो. अलीकडे गुणांची पद्धतच पालटली आहे. खेळाडूला आधी लिहून द्यावं लागतं की मी अमुक अवघड घटक करणार. तो जसाच्या तसा झाला की नाही हे तपासायला वेगळे तांत्रिक अधिकारी असतात, त्यांना व्हिडिओ पुन्हा पाहता येतो. घटक लिहिल्याप्रमाणे झाला नाही तर त्याची किंमत थेट तळाला जाते, त्याला 'बेस मार्क' म्हणतात. त्यामुळे आता तक्रारी वेगळ्या आहेत: एक गिरकी थोडी कमी पडली आणि पदक गेलं, अशा.

सोलो आता ऑलिम्पिकमध्ये आहे का?

नाही. १९८४, १९८८ आणि १९९२ एवढ्या तीनच वेळा होतं. जागतिक स्पर्धेत आहे.

भारतात हा खेळ कुठे दिसतो?

राष्ट्रीय जलतरण स्पर्धांमध्ये. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेतही सोलो आणि ड्युएट झाले, यजमान म्हणून भारताच्या मुली उतरल्या होत्या. दोन्ही सुवर्णं कॅनडाच्या मारी-पिएर बुद्रो गान्योंच्या नावावर लागली, ड्युएटमध्ये क्लोए इझाकच्या साथीने. म्हणजे सिल्वीने एडिनबर्गला ज्या मालिकेची सुरुवात केली, तिचा शेवटचा धागा दिल्लीत आहे. त्यानंतर राष्ट्रकुलमध्ये हा खेळ झालेला नाही.

मुलीला शिकवायचं असेल तर आधी तलावाची खोली विचारा. स्पर्धेसाठी सुमारे तीन मीटर लागते आणि आपल्याकडचे कित्येक तलाव त्यापेक्षा उथळ आहेत. पोहणं नीट यायला हवं, अंगात लवचिकपणा हवा, आणि पाण्यात तोंड खाली घालून शांत राहता यायला हवं. घाई मात्र करू नका.

सिल्वीची कसरत पाहायला मिळाली तर काय पाहावं?

बार्सिलोनाची मुक्त कसरत मिळाली तर तीच पाहा, आणि पहिल्यांदा आवाज बंद करून. ती उलटी होऊन पाय वर नेते तेव्हा पाण्याची रेषा मांडीवर कुठे येते तिकडे लक्ष द्या. ती रेषा वरखाली होते का? मग पाय पाण्यात परत जाताना बघा, किती पाणी उडतं. नंतर आवाज चालू करून तेच पुन्हा पाहा.